मनकर्णाबाईच्या गळ्यातलं लोखंड

वडशाजवळच्या त्या गावात समाजमंदिरासमोर माणूस माणसाला रेटत होता. लोहबाबा म्हणवणारा एक बुवा मनकर्णाबाईच्या गळ्याला भस्म चोळून वरून चुंबक फिरवत होता आणि चुंबकाला खरोखर काळा चुरा चिकटत होता.

"माता, तुझ्या अंगात अख्खी खाण हाये," तो म्हणाला. बायांनी हात जोडले.

मी जनावरांचा डॉक्टर, शेळ्यांना लस टोचायला आलो होतो. बाईंची थायरॉईड ग्रंथी उन्हाळ्यात चंद्रपूरला काढली होती. तेव्हापासून रोज एक गोळी, जन्मभर. पण आता बाईंचा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, भर उन्हात अंगावर शाल. नवरा पत्रूभाऊ यांनी सांगितलं, महिनाभर गोळी बंद आहे. ग्रंथी काढली की कलेजीत लोखंड साठतं आणि गोळीनं ते घट्ट होतं, असं बाबाचं म्हणणं.

मला किळस आली. लबाडानं खऱ्याचा तुकडा उचलला होता. थायरॉईड काढलेल्या जनावरांत लोहाचा साठा बदलतो, हे प्रयोगांत दिसलंय. पण ग्रंथीची उणीव भरून काढते ती गोळीच. तीच तोडून हा बाईला मरणाकडे ढकलत होता, आणि मागे याच्यासाठी बोकड कापला जात होता.

मी त्या बोकडाची कलेजी मागवली.

"लोह सगळ्यात जास्त इथंच साठतं. लावा चुंबक."

मेल्या मांसावर शक्ती चालत नाही, असं तो पुटपुटला. मी चुंबक घेऊन स्वच्छ पुसला आणि कलेजीवर फिरवला. कणही चिकटला नाही. शरीरातलं लोह प्रथिनांत बांधलेलं असतं, ते असं ओढून निघत नाही, हे मी लोकांना सांगितलं.

पत्रूभाऊंनी ओल्या दुपट्ट्यानं बायकोचा गळा पुसला. चुंबक फिरवला. कोरा. मग त्यांनी तो भस्माच्या डब्यात बुडवला. बाहेर आला तेव्हा त्यावर सुरवंटासारखा काळा कीस उभा होता. लोखंडाचा.

बाबा पिशवी आवरू लागला. पत्रूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"म्या माह्या हातानं लपवली गोळी तुही," ते बायकोला म्हणाले.

"मले दवाखान्यात ने," ती म्हणाली.

आठ दिवस तिला भरती ठेवावं लागलं. वाचली. दर वेळी असं होत नाही. डॉक्टरनं दिलेलं औषध कुणा बाबाच्या शब्दावर सोडू नका. शंका आली तर डॉक्टरलाच विचारा, आणि चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तपासून पाहा.