सात सेकंद आधी

एक लहानसं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, मधल्या भिंतीत एक दार, आणि ते कायम उघडं. पुढच्या खोलीत टीव्ही, मागे खिडकीच्या कट्ट्यावर रेडिओ. दोन्हीकडे एकच सामना लागलाय. तुम्ही टीव्हीसमोर बसला आहात. पडद्यावर क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू अजून फेकलेलासुद्धा नाही, आणि मागून कुणीतरी ओरडतं, "गेला! गेला हातातून!" तुम्ही दचकून मागे बघता, पुन्हा पडद्याकडे बघता, आणि खरंच, चेंडू दुसऱ्याच टीमच्या हातात जाऊन पडतो.

असं एखाद्या दिवशी नाही, वर्षानुवर्षं, अमेरिकन फुटबॉलच्या मोसमातल्या दर शनिवारी. तुम्हाला काय वाटेल? राग येईल?

डेल्मर क्विस्टला यायचा. या मोसमात मात्र मागून कुणी ओरडत नव्हतं. रेडिओवर भांडी पुसायचं फडकं घडी घालून ठेवलेलं होतं, आणि ते सप्टेंबरपासून कुणी उचललं नव्हतं.

"मिस्टर क्विस्ट, झोपलात?"

"नाही गं. बघतोय."

"डोळे मिटून?"

"डोळे मिटून जास्त दिसतं. तू तुझा निबंध लिही."

यारेली गालिच्यावर पालथी पडून वहीत काहीतरी खोडत होती. नऊ वर्षांची, शेजारच्या घरातली. तिची आई गावातल्या वृद्धाश्रमात कामाला होती आणि शनिवारी तिची पाळी सहाला संपायची. तोवर पोरगी इथे. आधी ती अर्डिसकडे यायची, डेल्मरच्या बायकोकडे. अर्डिस गेल्यावर पहिल्या शनिवारी डेल्मरला वाटलं, आता ही यायची नाही. पण ठरल्या वेळी ती दारात उभी. आजही आली, आणि चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या झणझणीत रश्श्याचा, वाडगा आणि दालचिनीचा रोल संपवून कामाला लागली होती.

"बाईंनी सांगितलंय, दोन गोष्टींची तुलना करा. एक पान. बाकी सगळ्यांनी कुत्रा आणि मांजर घेतलंय."

"आणि तू?"

"कोल्टन आणि डेशॉन. पण ते दोनच ओळींत संपलं." तिने वाचून दाखवलं. "कोल्टनने एकोणीस टचडाउन करून दिले. डेशॉनने पाच. म्हणून कोल्टन भारी." तिने वही मिटली. "आता उरलेलं पान कशानं भरू?"

डेल्मरला हसू आलं. प्रेअरी स्टेट म्हणजे त्यांच्या राज्याची टीम. कोल्टन रीझ तिचा पहिला क्वार्टरबॅक. घोड्यासारखा धिप्पाड, हातात अफाट ताकद. महिन्यापूर्वी त्याचा खांदा निखळला आणि राखीवांतल्या डेशॉन प्रुइटला मैदानात उतरावं लागलं. बर्डेट गावात तेव्हापासून दुसरा विषय नव्हता. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे एकच वाद: कोण बरा?

"मी एकतीस वर्षं काय काम केलं, सांग बरं," डेल्मर म्हणाला.

"धान्याच्या कोठारावर. ट्रक मोजायचात."

"ट्रक नाही, मका मोजायचो. ट्रक मका भरून काट्यावर यायचा. मी वजन लिहायचो. मग तो आत जाऊन मका ओतायचा आणि रिकामा परत यायचा. तेव्हा मी काय करायचो?"

"परत वजन."

"का?"

यारेलीने पेन्सिल चावली. "ट्रकचं वजन वजा करायला."

"शाबास. एवढ्या वर्षांत मी नुसता मका काट्यावर कधी ठेवला नाही. तो नेहमी कशात तरी भरूनच येतो. आता सांग, कोल्टन कशात भरून आला होता?"

ती उठून बसली. डेल्मरने घाई केली नाही. मूल विचार करत असताना आपण शांत राहायचं असतं, हे त्याला काट्यावरच कळलं होतं. काटा हलत असताना आकडा वाचायचा नसतो.

"त्याच्यापुढची फळी चांगली होती," ती सावकाश म्हणाली. "ते मोठे मोठे लोक. त्याला कुणी धक्कापण लावू शकत नव्हतं."

"आणि?"

"सामने घरच्या मैदानावर होते. आणि समोरच्या टीम... त्या कचरा होत्या."

"कमजोर लिही. बाई रागावतील."

"आणि डेशॉन आला तेव्हा फळीतले दोघं जखमी. आणि सामने बाहेरगावी!" ती पुन्हा पालथी झाली आणि भराभरा लिहायला लागली. मग थांबली. "पण मग वजा करून उरलं किती?"

"ते तू सांगायचं. निबंध तुझा आहे."

पडद्यावर चारपैकी तिसरा क्वार्टर चालू होता. कॅल्डवेलविरुद्धचा सामना, मोसमातला शेवटचा. प्रेअरी स्टेट चार गुणांनी मागे. बाहेर उन्हं उतरत होती आणि कापणी झालेल्या शेतांवरून वारा सरळ खिडकीवर येत होता.

"मिसेस क्विस्टना कोण आवडायचं?" यारेलीने वर न बघता विचारलं.

डेल्मरने स्वयंपाकघराकडे बोट केलं. "ते पाकिटात आहे," तो म्हणाला.

पाकीट फ्रिजच्या दारावर होतं, कणसाच्या आकाराच्या चुंबकाखाली. खरं तर दोन पाकिटं होती. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दोघं स्वयंपाकाच्या टेबलाशी बसायची, मध्ये कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा आडोसा करायची, आणि आपापल्या मनातल्या दहा टीम उतरत्या क्रमाने लिहायची. सगळ्यात खाली एक नाव: यंदाचा आपला सगळ्यात चांगला क्वार्टरबॅक. मग पाकिटं चिकटवायची. शेवटच्या सामन्याचा तिसरा क्वार्टर संपला की उघडायची. सामना संपल्यावर नाही, हा अर्डिसचा नियम. टीम हरल्यावर डेल्मरला वाचायचं भान राहत नाही, असं ती म्हणायची. ज्याचे अंदाज जास्त चुकतील त्याने नाताळपर्यंत भांडी घासायची. बहुतेक वेळा डेल्मरच घासायचा.

या ऑगस्टमध्येही दोघं बसली होती. अर्डिस तेव्हा अंथरुणातून उठून आली होती. लिहायला तिला बराच वेळ लागला. आडोसा मात्र तिने सोडला नाही.

आता त्या पाकिटाची डेल्मरला भीती वाटत होती. का, ते सांगतो.

घरावर डिशची तबकडी बसवली तेव्हापासून अर्डिसला खेळ आधी कळायला लागला. स्वयंपाकघरातून ती ओरडायची आणि मग पडद्यावर तसंच व्हायचं. डेल्मर चिडायचा, पण मनातून थक्क व्हायचा. इतकी वर्षं खेळ बघून बाईला क्वार्टरबॅकच्या खांद्यावरून पुढचं दिसतं, अशी त्याची खात्री झाली. क्वार्टरबॅकवरून वाद झाला की तो दोन वाक्यं बोलून माघार घ्यायचा. सहकारी संस्थेच्या कचेरीत सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींना एकदा त्याने हे अभिमानाने सांगितलं. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातली गोष्ट.

व्हर्जिल नोव्हाकने कप खाली ठेवला. "डेल्मर, ती रेडिओ ऐकते ना?"

"ऐकते. मग?"

"अरे शहाण्या, टीव्हीचं चित्र आभाळात जाऊन खाली येतं. रेडिओ इथल्या इथे. सात सेकंदांचा फरक आहे! तुझ्या बायकोला दिव्यदृष्टी नाही बाबा, तुझी डिश म्हातारी आहे!"

टेबल हसून हसून हललं. डेल्मरही हसला. पण घरी येईपर्यंत ते हसू आंबलं. इतकी वर्षं आपल्याला बनवलं, असं त्याला वाटलं. त्या शनिवारी आतून अर्डिस ओरडली, "फेकू नको, फेकू नको रे!" आणि तो बसल्या जागेवरून म्हणाला, "पुरे आता. तुला काय कळतंय? कळतं ते रेडिओवाल्याला."

रेडिओचा आवाज कमी झाला. थोड्या वेळाने अर्डिसने चिलीचा वाडगा आणून दिला, मीठ बरोबर आहे का विचारलं, आणि आत गेली. पुढच्या शनिवारी ती ओरडली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डेल्मर वाट बघत राहिला. चूक झाली, एवढं म्हणायला त्याला पूर्ण हिवाळा मिळाला होता. उद्या म्हणू, उद्या म्हणू, असं करत जूनमध्ये डॉक्टरांनी दुसराच विषय काढला.

म्हणून भीती. कदाचित त्या कागदावर क्वार्टरबॅकची ओळ तिने कोरीच सोडली असेल. मला कुठे काय कळतं, असं म्हणून.

शिट्टी वाजली. तिसरा क्वार्टर संपला.

यारेली उठली, आत गेली आणि दोन्ही पाकिटं घेऊन आली.

"असू दे गं. पुढच्या वर्षी बघू."

"असं कसं? नियम आहे ना?"

"नियम करणारी गेली."

"म्हणून काय झालं?" यारेली म्हणाली. "आमच्या आजीने सांगितलंय की जेवताना टोपी घालायची नाही. ती गेली, तरी आई घालू देत नाही."

डेल्मरने पाकिटं हातात घेतली. त्याने स्वतःचं पाकीट आधी फाडलं. कोल्टन रीझ, ठळक अक्षरांत. मग दुसरं. ते त्याने फाडलं नाही. खिशातला चाकू काढून कडेने अलगद उघडलं.

अक्षरं उजवीकडे घसरत गेलेली होती. दहाच्या दहा टीम. शेवटची ओळ कोरी नव्हती.

"वाचा ना!"

"डेशॉन प्रुइट," त्याने वाचलं. पुढे बारीक अक्षरात एक वाक्य होतं. "चुकला तरी लगेच पुढचा चेंडू मागतो."

"पण ऑगस्टमध्ये तर डेशॉन खेळतच नव्हता! त्यांना कसं कळलं?"

डेल्मरने चष्मा काढला. एप्रिलमध्ये प्रेअरी स्टेटच्या पोरांचा आपापसातला सामना होता, तो बघायला दोघं गेली होती. शेवटी राखीव मुलं उतरली, स्टँड निम्मा रिकामा झाला, आणि गर्दीआधी गाडी काढावी म्हणून डेल्मर उठला. "चल, आता काय बघायचंय यात?" अर्डिसने मांडीवरची शाल सारखी केली. "तू हो पुढे," ती म्हणाली, "मी बसते शेवटपर्यंत." गाडीत पाऊण तास वाट बघावी लागली म्हणून तो परतीच्या वाटेवर धड बोललाही नव्हता.

"तिला कळायचं," तो म्हणाला. "याला काही रेडिओ लागला नव्हता."

"रेडिओ? रेडिओचं काय?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. डिश, सात सेकंद, व्हर्जिलचं हसणं. स्वतः काय बोलला, तेही गाळलं नाही. मुलांना गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी, आपली बाजू लंगडी असली तरी. ऐकून झाल्यावर यारेलीने एवढंच विचारलं, "मग तुम्ही सॉरी म्हणालात?"

"नाही."

तिने मान हलवली आणि वही पुढे ओढली.

चौथा क्वार्टर असाच सरकला. डेशॉनचा एक चेंडू कॅल्डवेलच्या माणसाने मध्येच झेलला. कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला. पोरगा हेल्मेटचा पट्टा आवळत प्रशिक्षकाशी काहीतरी बोलत होता, हात पुढे करून. डेल्मरने कागद गुडघ्यावर ठेवला होता. ते वाक्य त्याने पुन्हा एकदा बोटाने चाचपलं.

शेवटचं दीड मिनिट. प्रेअरी स्टेट अजून चार गुणांनी मागेच. चेंडू पुन्हा डेशॉनकडे आला होता, पण तीन प्रयत्न फुकट गेले. आता चौथा, म्हणजे अखेरचा. चेंडू आठ यार्ड पुढे नेला तर खेळ पुढे चालू, नाही तर मोसम संपला. प्रेअरी स्टेटने टाइम-आउट घेतला. जाहिराती लागल्या.

"मिस्टर क्विस्ट," यारेली म्हणाली, "आपल्या टीव्हीवर हे आत्ता चाललंय. म्हणजे रेडिओवर पुढचं होऊन गेलेलं असतं?"

"पुढचं म्हणजे जरासंच."

"आत्तासुद्धा?"

"आत्तासुद्धा."

तिने पेन्सिल वहीत ठेवली. उठली आणि आत गेली. फडकं कट्ट्यावर पडल्याचा मऊ आवाज झाला. मग खरखर. बटण फिरत राहिलं, दोन स्टेशनं मागे गेली, आणि निवेदकाचा ओळखीचा घोगरा आवाज सगळ्या घरात आला. शब्द इथपर्यंत नीट पोचत नव्हते.

पडद्यावर जाहिरात संपली. दोन्ही फळ्या समोरासमोर वाकल्या. डेशॉन मागे उभा, बोटांवर फुंकर घालत. चेंडू अजून त्याच्या हातात आलेला नव्हता.

डेल्मरने पडद्याकडे पाठ करून खुर्ची दाराकडे वळवली.

आणि स्वयंपाकघरातून यारेली ओरडली.