शेवटच्या मण्याची खाच

"हात सोडून माणूस जातं, ते जातं कुठे?" हा प्रश्न धांदल्याने डॉक्टरांना विचारला, मावशीला विचारला, कॉलेजातल्या सरांनाही विचारला. मी तेव्हा खोक्यात होतो. मला तोंड असतं, तरी मी तरी काय सांगणार होतो?

मी केस बोलतोय. दचकू नका, डोक्यावरचा नाही. जिवाणूच्या अंगावर केस असतात, शिकलेली माणसं त्यांना पिलस म्हणतात. त्यातल्याच एका केसाचा मी लाकडी नमुना. खरा केस इतका बारीक, की साधा सूक्ष्मदर्शकही त्याच्यापुढे हात टेकतो. मी मात्र चांगला ऐसपैस, दारापासून खिडकीपर्यंत पोचणारा.

माझा जन्म लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून तासणाऱ्या यंत्रावर झाला. धांदल्या एका कारखान्यात खुर्च्यांचे पाय घडवायचा. पुस्तकांशी त्याचं कधी जमलं नाही, शाळा त्याने अर्ध्यातच सोडलेली. त्याची ताई मात्र शिकत शिकत कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोचली आणि जिवाणूंच्या केसांमागे लागली. 'धांदल्या' हे नाव तिनेच ठेवलेलं. सांगणाऱ्याचं सांगून होण्याआधी याचं काम अर्धं झालेलं असायचं.

नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला तिला माझ्यासारखा नमुना हवा होता. तिने मातीचा एक मणी करून आणला, असे बरेच कर म्हणाली आणि कामावर पळाली. मण्याला एका अंगाने लांब खाच होती. धांदल्याला वाटलं, पिशवीत दबून मणी चेपला असणार. त्याने मस्त गोल गरगरीत मणी काढले. एकदोन मण्यांना चीर होती, तीही भुसा आणि डिंक कालवून बुजवली, आणि संध्याकाळी पिशवी ताईपुढे ओतली.

ताई हसता हसता भुशातच बसली. "अरे शहाण्या, ती खाच चेपून पडलेली नाही. खाचच तर हवी. पुरा मणी माझ्या काय कामाचा?"

मग तिथेच भुशात बोटाने रेघा ओढत तिने सारं सांगितलं. केस म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची माळ. प्रत्येक मणी जन्मतो तो अपुरा, अंगात खाच घेऊन. एकटा राहिला तर चुरगळून फुकट जातो. म्हणून एक दुसरं प्रथिन धावत येतं आणि आपलं बोट त्याच्या खाचेत घालतं. ताई त्याला पाठराखीण म्हणायची. पाठराखीण मण्याला सांभाळत जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीतल्या दारापाशी नेते. तिथे दरवान उभा, तेही प्रथिनच. मागून दुसरा मणी येतो, त्याचं शेपूट पहिल्याच्या खाचेत शिरतं, पाठराखिणीचं बोट हळूहळू बाहेर सरकतं, आणि मणी मण्यात अडकतो. जाकिटाची चेन लागते ना, तसं. असा केस दारातून बाहेर वाढत जातो. त्याचं टोक चिकट. त्याच्याच जोरावर जिवाणू माणसाच्या मूत्राशयाला धरून बसतो आणि त्याला जळजळीने हैराण करतो. पाठराखिणीलाच अडवता आलं, तर केसच होणार नाही. ताईची सगळी धडपड त्यासाठी.

"आणि हात सोडल्यावर ही जाते कुठे?" धांदल्याने विचारलं.

"मागे. पुढच्याला आणायला. तिला बसायला वेळ आहे कुठे?"

"मग शेवटच्याचं काय? त्याच्यामागे तर कोणीच नाही."

ताई खूश झाली. शेवटचा मणी वेगळाच असतो, ती म्हणाली. दुसऱ्याच्या शेपटाला आत शिरायला जी फट लागते, तीच त्याला नसते. म्हणून पाठराखीण त्याचा हात कधीच सोडत नाही.

शाळा सोडल्यापासून संपू नये असं वाटलेला हा त्याचा पहिला धडा. दुसऱ्या दिवशी लेथ नुसतं गात होतं. त्याने प्रत्येक मणी दोन फाकांचा केला, खाचेत शेपूट बसलं की फाका घट्ट मिटाव्यात असा. पाठराखीण काळ्या लाकडाची, तिचं बोट ताईच्या अंगठ्याच्या मापाचं. खट्, खट्, खट् करत मी जोडला गेलो, आणि माझ्या अंगातून जे काही सळसळलं त्याला लाकडाच्या भाषेत शब्द नाही. मग गंमत म्हणून त्याने पाठराखीण काढून पाहिली. शेवटचा मणी उघडला, त्याचं शेपूट निसटलं, तसा आधीचा उघडला, आणि बघता बघता मी सगळा जमिनीवर टणटणत पसरलो. कारखान्याचे मालक मशीनखालून मणी वेचत पुटपुटले, की खुर्च्या मागितल्या होत्या, सर्कस नाही.

नव्या विद्यार्थ्यांपुढचा ताईचा तास जवळ आला होता. रस्ता ओलांडताना तिला गाडीने उडवलं.

तिला शेवटचं नेताना कोणी काही म्हणायच्या आत धांदल्याने पाठराखीण तिच्या मुठीत ठेवली. आईने पाहिलं आणि ताईची बोटं वरून मिटवली. दुसरी करता येईल, असं नंतर आईच म्हणाली. तो म्हणाला, ती एकच होती.

आज मी कॉलेजातल्या कपाटात सुटे मणी होऊन पडलेला असतो. तास आला की मुलं मला जोडतात, आणि शेवटच्या मण्यापाशी उभं राहायला भांडतात. तिथे आपला अंगठा लावायची इथली रीत आहे. माझं एवढंच मागणं, की भांडा खुशाल, पण मधे हात काढू नका. ही रीत कशी पडली तेवढं सांगतो आणि थांबतो.

ताईचा तास प्रयोगशाळेतल्या तिच्या मैत्रिणीने घ्यायचं ठरवलं. धांदल्या मला खोक्यात घालून, भुसा लागलेल्या शर्टानेच, वर्गाच्या दाराशी उभा राहिला. मुलं मणी जोडत गेली. वर्गात अशी चढाओढ, की मागचे बाकांवर उभे. शेवटचा मणी हातात आला आणि मैत्रिणीने विचारलं, पाठराखीण कुठे आहे? खोकं उपडं करून पाहिलं. तोवर मण्याच्या फाका सुटायला लागल्या होत्या.

धांदल्या पुढे झाला. त्याने खाचेत आपला अंगठा घातला आणि मूठ आवळली.

"ती पुढच्याला आणायला गेलीय," तो म्हणाला. "तोवर मी धरतो."

मैत्रीण क्षणभर फळ्याकडे वळली, मग तिने तास घेतला. मुलं एकेक करून येत होती, मला ओढून बघत होती, माळ सुटत नाही म्हणून हरखत होती. शेवटचा मुलगा मला हात लावून आपल्या जागेवर जाऊन बसेपर्यंत धांदल्याने अंगठा काढला नाही.