मंद आचेवरचा राजमा

गॅरेजचं दार वर गेलं तेव्हाच नीलांबरीला वास आला. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी आला. भरताचं वांगं भाजताना येतो तसा, पण वांग्याचा नव्हे. त्यात जिरं होतं, टोमॅटो होता आणि कसलासा गोडसर धूर. शेजाऱ्यांनी मागच्या अंगणात ग्रिल पेटवली असेल, असं तिला वाटलं. हल्ली ती घरी पोचण्याआधी तिच्या घरातून कसलाच वास येत नसे.

इंजिन बंद करून ती तशीच बसून राहिली. या चार मिनिटांत तिला कुणी काही विचारत नसे, म्हणून ती रोजच बसायची. अन्नाचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती काम करत असे. सकाळी तिथला इन्क्युबेटर बंद पडलेला सापडला आणि जंतू वाढवून बघायच्या सगळ्या प्लेट्स पहिल्यापासून लावाव्या लागल्या. परत येताना हायवेवर अपघात, एकच लेन चालू. आता आत जायचं, फ्रीज उघडायचा, आहे त्यातून काय होईल ते बघायचं आणि कांदा चिरायला घ्यायचा. त्या कांद्याच्या विचारानेच तिचे खांदे भरून आले.

आतलं दार उघडलं. निधी दारात उभी होती, सातवीतली, वडिलांएवढी उंच व्हायच्या बेतात.

"मॉम, आर यू कमिंग? डॅडने कुक केलंय! लाइक, रिअल फूड."

नीलांबरीला क्षणभर ते खरं वाटलं नाही. वसंतात तिच्या नवऱ्याची, शैलेंद्रची नोकरी गेली, त्याच्या टीममधल्या निम्म्या लोकांची गेली. सुरुवातीला तो रोज सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायचा. मग शर्ट सुटला, मग दाढी वाढली, मग बोलणंच आटलं. "घरीच आहेस तर निदान भात तरी लावत जा," असं ती एकदा म्हणाली होती. त्यानंतर दोन दिवस तो जेवायला खाली आला नाही. तेव्हापासून तिने तो विषय सोडून दिला होता. येऊन स्वतःच कुकर लावायचा, पोळ्या लाटायच्या, त्याचं ताट झाकून ठेवायचं.

आज शैलेंद्र ओट्याशी उभा होता आणि त्याने दाढी केली होती. हनुवटीवर कापल्याची बारीक रेघ होती. ओट्यावर टोमॅटोचे शिंतोडे उडालेले, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग आणि मधोमध तासन्‌तास मंद आचेवर शिजवणारा विजेचा स्लो कुकर, जो कुठल्याशा ख्रिसमस पार्टीत त्याला मिळाला होता आणि आजवर खोक्यातून बाहेर आला नव्हता.

"टर्की चिली," तो म्हणाला. टर्की पक्ष्याचा खिमा आणि राजमा घालून केलेला अमेरिकन तिखट रस्सा. "हात धू आणि बस. तुला काहीही करायचं नाही."

"अरे, पण निदान भांडी..."

"बस म्हटलं ना."

ती बसली. बॅग खांद्यावरच राहिली होती, ती तिने जमिनीवर सोडली. शैलेंद्रने मोठा बोल भरला, वर किसलेलं चीज आणि कोथिंबीर टाकली, बाजूला लिंबाची फोड ठेवली आणि तो तिच्यासमोर आणून ठेवला. वाफ तिच्या तोंडावर आली. शेवटचं आपल्याला असं कुणी वाढलं ते आठवायचा तिने प्रयत्न केला, पण आठवलं नाही. चमचा हातात घेऊन ती नुसतीच बसून राहिली.

"वास बघ," तो म्हणाला. "ढोबळी मिरच्या आणि टोमॅटो थेट गॅसवर भाजले, भरतासारखे. साल काळीठिक्कर होईपर्यंत. स्मोक अलार्म वाजला ना! ही टॉवेल घेऊन नाचत होती त्याच्याखाली."

"आय वॉज नॉट नाचत. आय वॉज सेव्हिंग द हाउस."

"मग टर्कीचा खिमा परतला, टिनमधल्या त्या धुरी दिलेल्या चिपोटले मिरच्या घातल्या. यूट्यूबवरचा माणूस राजमाही टिनमधलाच घालतो. म्हटलं, छे यार! आपण काय डब्यातला राजमा खाणार? आपला इंडियन स्टोअरमधला आणला, रात्री भिजवला, सकाळी तू गेल्यावर यात टाकला सगळ्याबरोबर. लोवर ठेवला, सगळ्यात मंद आचेवर. दिवसभर झाकण काढलं नाही. आत्ता नुसता रस्सा चाखला."

इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. नीलांबरी त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि शेवटची दोन वाक्यं तिला जरा उशिरानेच ऐकू आली.

"आधी उकळला होतास का?"

"काय?"

"राजमा."

"उकळायचा कशाला? सकाळपासून शिजतोय की."

तिने बोलमधला एक दाणा चमच्याच्या पाठीने दाबला. साल फुटली, पण आतला गर मऊ झाला नाही, खडूसारखा भुरभुरला. बघायची गरज नव्हती, तिला आधीच कळलं होतं. कच्च्या राजम्यात एक प्रथिन असतं. ते पोटात गेलं की तासा-दोन तासांत माणूस ओकून ओकून आडवा होतो. खळखळून उकळलं की ते मरतं. टिनमधला राजमा आधीच उकळलेला असतो, म्हणून त्या यूट्यूबवाल्याचं निभतं. पण स्लो कुकर लोवर ठेवला तर उकळी फुटतच नाही, आणि त्या कोमट आचेवर ते प्रथिन मरायचं सोडून उलट जास्तच जोर धरतं. मागच्या वर्षी कुठल्याशा ऑफिसात सगळ्यांनी घरून करून आणलेल्या पॉटलक जेवणातलं असलंच एक भांडं त्यांच्या लॅबमध्ये आलं होतं. रिपोर्ट तिनेच लिहिला होता.

आज रिपोर्ट लिहायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. वाटलं, काही बोलूच नये. दाणे बाजूला सारावेत, खिमा खावा, छान झालंय म्हणावं. त्याला आज कुणी चुकलास म्हणू नये, निदान आपण तरी. उद्या तो पुन्हा वरच्या खोलीत जाऊन बसला तर त्याला खाली आणायचं कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. इतके महिने तिने बरंच काही करून पाहिलं होतं.

शेजारी बसलेल्या निधीने आपल्या बोलमधून चमचा भरला आणि फुंकर घातली.

"थांब!"

तिचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. निधीचा चमचा टेबलावर पडला.

"व्हॉट द हेक, मॉम?"

"खाऊ नकोस. राजमा कच्चा आहे." मग शैलेंद्रकडे न बघता ती म्हणाली, "असा खाल्ला तर उलट्या होतात. लोवर ठेवला की उकळत नाही तो."

शैलेंद्रने डाव ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी पोरीला विष घालत होतो."

"मी असं म्हटलं का?"

"दुसरा अर्थ काय? वा! एक दिवस काहीतरी करायला गेलो तर घरातसुद्धा लॅब रिपोर्ट." त्याने दोन्ही हातांनी स्लो कुकरमधलं जड भांडं उचललं. "टाकून देतो. पिझ्झा मागव."

त्याने पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. नीलांबरीला पुष्कळ काही सांगता आलं असतं. यात तुझी चूक नाही, हे फार लोकांना माहीत नसतं, आपल्याकडे सगळं प्रेशर कुकरमध्येच जातं म्हणून कधी कुणाला कळत नाही. सगळं खरं होतं. पण समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा आपणच शहाणं व्हायचं, आणि दिवसभर ती तेच करत आली होती.

"शैलेंद्र," ती म्हणाली, "मला तेच खायचंय."

"विष?"

"मला भूक लागलीये. दमलेय मी. कुणीतरी केलेलं आयतं खायचंय मला. कित्येक महिन्यांनी मी बसलेय, आता मला उठवू नकोस." तिचा आवाज चढला नाही, उलट शेवटाला तो बसलाच. "कुकरला लाव. एवढंच. खळखळून उकळलं की काही होत नाही."

झाकण उघडंच होतं. त्याचा पाय पेडलवर होता आणि भांडं अजून हातातच होतं. निधी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"टर्कीचा पार लगदा होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"ढोबळी मिरच्या पण विरघळतील त्यात."

"विरघळू दे."

त्याने पाय काढला. झाकण खाडकन पडलं. भांडं ओट्यावर ठेवून त्याने खालच्या कपाटातून कुकर काढला, शिटी खणात शोधली, रबर बसवलं. रस्सा दाट होता. पाणी घातलं नाही तर तळाला लागेल, हे नीलांबरीच्या जिभेवर आलं होतं. तिने लिंबाची फोड उचलून चोखायला सुरुवात केली. शैलेंद्रने एकदा आत डोकावून पाहिलं आणि पेलाभर पाणी ओतलं.

"किती शिट्ट्या?" पाठमोराच राहून त्याने विचारलं.

"तुझं तू ठरव."

तो वळून तिच्याकडे बघायला लागला. ती डोळे मिटून खुर्चीला टेकली होती. पहिल्या शिटीपर्यंतच जे व्हायचं ते होऊन जातं, धोका उरत नाही. पुढे दाणा किती मऊ ठेवायचा, तो त्याचा प्रश्न होता.

"एनीवे," निधी म्हणाली, "रिअल टेक्सस चिलीमध्ये बीन्स नसतातच. एव्हरीबडी नोज दॅट."

"हे तू आत्ता सांगतेस?" शैलेंद्र म्हणाला.

"यू नेव्हर आस्क्ड."

नीलांबरीला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. कुकर शिट्ट्या देत राहिला. त्याची वाफ निवेपर्यंत तिला डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा आधीचा बोल जाऊन तिच्यासमोर दुसरा आला होता आणि सिंकमधली भांडी कमी झाली होती. चिलीचा रंग गडद झाला होता. खिमा कुठे संपतो आणि टोमॅटो कुठे सुरू होतो ते सांगता येत नव्हतं.

तिने चमचाभर तोंडात घातलं. दाणा जिभेखाली आपोआप विरला. मागून धूर आला, मग तिखट, मग टाळूला चिकटणारा मिरचीचा गोडवा.

शैलेंद्र स्वतःचा बोल घेऊन उभाच होता. "कसं झालंय?"

नुसतं छान म्हटलं तर तो त्यावर विश्वास ठेवणार नाही, हे तिला माहीत होतं.

"धुराचा स्वाद एकदम मस्त उतरलाय. टर्कीचा लगदा झालाय."

"ते तुझ्यामुळे."

"हो. ते माझ्यामुळे."

तो खुर्ची ओढून बसला. निधीने चीजचं पाकीट स्वतःकडे ओढलं आणि ते अर्धं रिकामं केलं, कुणी अडवलं नाही. नीलांबरीचा बोल तळाला गेला तसा शैलेंद्रने कुकर पुढे ओढला आणि न विचारता त्यात आणखी दोन डाव घातले. एवढं तिला जाणार नव्हतं. तिने बोल जवळ घेतला आणि हळूहळू खात राहिली.