घरी या, मग बोला

तिचा नवरा तिला मॅनेजर म्हणायचा. घराचा कारभार तिच्या हातात, रिकाम्या खोलीत जळणारा दिवा तिला भिंतीपलीकडून दिसायचा, आणि गिऱ्हाइकाच्या कपड्यांतून उरलेला वीतभर दोराही ती रंग बघून गुंडाळून ठेवायची. तेव्हा नाव काही चुकीचं नव्हतं. आपणही तिला मॅनेजरच म्हणू, कारण आता तिला तशी हाक मारणारं घरात कुणी उरलेलं नाही.

ती घरी बसून कपड्यांची दुरुस्ती करायची. पँट आखूड कर, कोटाची चेन बदल, सुटलेल्या माणसाच्या कपड्याला शिवण सोडून दे, असली कामं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच उंच इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनरूममध्ये तेल-ग्रीस करून तो संध्याकाळी घरी यायचा आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढायचा, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. शेजाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं तोच विनोद केला आणि तोही वर्षानुवर्षं तितक्याच मनापासून हसला. भला माणूस. फक्त मुखदुर्बळ. जेवताना विचारावं, "काय झालं आज?" तर उत्तर ठरलेलं, "काही नाही." पस्तीस वर्षं या "काही नाही"शी संसार करणं म्हणजे काय, ते मॅनेजरलाच माहीत.

मग मुलाने ते फोन आणून दिले. मुलगा लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता आणि आईबाबांची काळजी वस्तू देऊन करायचा. आजकालची बरीच मुलं तसंच करतात, त्यात त्याला वेगळा दोष नाही. एक आईला, एक बाबांना, आणि घरात लावायला एक पांढरी डबी. फोन मोठे चतुर होते. डबीच्या आवाक्यात असले की घरच्या साध्या फोनसारखे चालायचे, पडद्यावर इवलंसं घर दिसायचं, आणि कितीही वेळ बोला, बिल जागचं हलायचं नाही. आवाक्याबाहेर पाऊल पडलं की घर पुसलं जायचं, त्या जागी मोबाइलचा मनोरा यायचा, आणि मिनिटागणिक बिल धावू लागायचं. म्हणजे घरात घरचा आणि उंबरठा ओलांडला की गावचा. बोलता बोलता बाहेर पडलात तरी बोलणं तुटायचं नाही. मध्ये एक बारीक खरखर व्हायची, इतकंच.

मॅनेजरने पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. बाहेरून फोन करायचा नाही. "घरी या, मग बोला." नवऱ्याने मान डोलावली. तिचा नियम मोडायची त्याची प्राज्ञा नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

पण त्याने त्यात एक गंमत शोधून काढली. डबीचा आवाका दाराबाहेर, खाली जिन्याच्या वळणावरच्या चौथऱ्यापर्यंत पोचत होता. तो जिना चढून तिथवर आला की घरातली डबी 'टिंग' करायची आणि तिच्यावरचा दुसरा, त्याच्या फोनचा, हिरवा दिवा लागायचा. गडी वर यायचाच नाही. तिथेच पायरीवर बसायचा, भिंतीला पाठ टेकायचा आणि बायकोला फोन लावायचा. आणि बोलायचा! कुठल्या लिफ्टचं दार कुरकुरतं, कुठल्या मजल्यावरचे दोघे भाऊ एकमेकांची लिफ्ट चुकवतात, कोणता मालक वंगणातही काटकसर करतो. नकला करायचा, स्वतःच हसायचा. मॅनेजर मशीन थांबवून ऐकत राहायची. मग "येतो" म्हणून फोन ठेवायचा, बारा पायऱ्या चढून आत यायचा आणि पुन्हा तोंडाला कुलूप.

खालच्या मजल्यावरची मास्तरीण एकदा त्याला ओलांडून गच्चीवर जाताना म्हणाली, "अहो, बायको वर, तुम्ही इथे, हा कसला उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार?"

तो लाजून म्हणाला, "समोर गेलो की सुचत नाही हो."

मॅनेजरला यात काही विचित्र वाटलं नाही. उलट, तिला नवरा नव्याने मिळाला होता. संध्याकाळी 'टिंग' ऐकू आलं की ती केसांवरून हात फिरवायची. फोनवर केस दिसत नाहीत हे तिला कळत होतं, तरी फिरवायची.

ज्या दिवशी तो गेला त्या दुपारी एक बाई कोट घालून तिच्यासमोर उभी होती. मॅनेजरच्या ओठांत टाचण्या होत्या. फोन वाजला. नवऱ्याचं नाव, आणि नावापुढे मनोरा.

"मॅनेजर, ऐक ना..." तो म्हणाला.

"बाहेरून?" ती टाचण्यांतून बोलली. "घरी या, मग बोला." आणि तिने फोन ठेवला. कोटवाली बाई हसली, तीही हसली.

त्याने पुन्हा फोन केला नाही. तासाभराने त्याच्या ऑफिसातून आला.

त्या इमारतीच्या रखवालदाराने नंतर येऊन सांगितलं ते असं. लिफ्ट उघडी पडलेली, काम अर्ध्यावर. असं काम तो कधी टाकत नसे. पण त्या दिवशी त्याने सगळी हत्यारं पिशवीत भरली होती, मशीनरूमला कुलूप लावलं होतं आणि तो पायऱ्या उतरत होता. लिफ्ट त्यानेच बंद करून ठेवली होती, मग दुसरं काय करणार? नऊ मजले उतरला होता. दहावा उतरताना कोसळलेला सापडला. "घरी निघाले असतील," रखवालदार म्हणाला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता, अशा वेळी माणसाने जागचं हलायचं नसतं, बसून राहायचं असतं.

मॅनेजरने हे दोन्ही ऐकलं. तेव्हापासून एकच प्रश्न तिचा पिच्छा सोडेना. छातीत दुखतंय हे सांगायला त्याने फोन केला होता का? आणि तसं असेल, तर नऊ मजले त्याला कुणी उतरवलं?

त्याचा फोन ऑफिसने पिशवीत घालून परत दिला. बंद पडलेला. तिने तो दोऱ्यांच्या खणात ठेवला.

पंधरवडा उलटला असेल. संध्याकाळी ती काजं करत बसली होती, आणि घरातली डबी म्हणाली, 'टिंग.' दुसरा हिरवा दिवा लागला. मग तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर त्याचं नाव होतं आणि नावापुढे इवलंसं घर.

सुई बोटात घुसली ते तिला नंतर रक्त कापडाला लागल्यावर कळलं. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने हिरवा दिवा विझला. तिने खण उघडून पाहिला. फोन तिथेच, मुका, गार.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. तिने एकदाही उचलला नाही. तुम्हाला वाटेल भुताला घाबरली. नवऱ्याला ती जिवंतपणी घाबरली नव्हती, मेल्यावर काय घाबरणार? ती घाबरत होती त्या दुपारच्या अर्ध्या वाक्याला. उचलला, तर तो वाक्य पुरं करेल. जोवर उचलत नव्हती, तोवर तिच्या हातून नेमकं काय झालं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणून ती फोनकडे पाठ करून बसायची, पण केसांवरून हात मात्र आपसूक फिरायचा.

मुलगा एका सुट्टीच्या दिवशी आला. संध्याकाळपर्यंत थांबला, आणि त्याच्यासमोर डबी वाजली. फोनवरचं नाव त्याने वाचलं.

"आई, बाबांचा फोन कुठे आहे?"

तिने बोटाने खण दाखवला. त्याने फोन काढला, बटण दाबून पाहिलं, मागचं झाकण उघडून बॅटरीच बाहेर काढली. तिच्या हातातला फोन वाजतच राहिला.

"डबी बिघडलीय," मुलगा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "नंबरांचा घोळ करतेय. जुनं यंत्र. काढून टाक."

"तूच काढ ना."

तो डबीपर्यंत गेला, हात पुढे केला आणि खिशात घातला. "तसंही पहिल्या तारखेपासून कंपनी ही सोय बंदच करणार आहे. मला मेसेज आलाय. डबी आपोआप मरेल, मग तू माझ्याकडे राहायला ये." हे मात्र त्याने प्रेमाने म्हटलं. निघताना त्याला जिन्याच्या वळणावरून जायचं होतं. मॅनेजरने दारातून पाहिलं. तो चौथऱ्यावर भिंतीकडची जागा सोडून, कठड्याला अंग घासत उतरला. कुणी बसलेलं असावं आणि त्याला धक्का लागू नये, तसा.

पहिली तारीख आली, म्हणजे उद्यावर आली. मॅनेजरने त्या दिवशी शिवण घेतलं नाही. उद्यापासून डबी वाजणार नाही, आणि मग तो रोज तिथवर येऊन कुणाला फोन लावणार, हा विचार तिला सोसेना. मुलाकडे ती जाईल, तिथे जेवेल, नातवंडांच्या बाह्या आखूड करेल, आणि अर्धं वाक्य मरेपर्यंत पोटात बाळगेल. त्यापेक्षा ऐकलेलं बरं. नुसती कल्पना करून रोज मरण्यापेक्षा एकदाच काय ते कानांवर घ्यावं, असं तिने ठरवलं.

टिंग.

तिने पहिल्याच घंटेला उचलला. "हॅलो."

"अगं, उचललास!" तो म्हणाला. तोच आवाज, जिना चढून किंचित धाप लागलेला. "मला वाटलं रागावलीस."

आणि तो लगेच सुरू झाला. एक म्हातारी आहे म्हणे, लिफ्टमधून उतरताना दर वेळी लिफ्टला थँक्यू म्हणते. "मी म्हटलं, आजी, लिफ्ट ऐकत नाही. तर मला म्हणते कशी, तुझी बायको तरी ऐकते का?" आणि तो हसला. मॅनेजरही हसली, तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. किती बोलायचा हा माणूस, आणि इतके दिवस तिने त्याला पायरीवर ताटकळत ठेवला होता.

"अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "त्या दिवशी दुपारी फोन कशाला केला होतात?"

पलीकडे तो खाकरला.

"कधी? हां, ते. असंच. काय सांगायचं होतं ते विसरलो बघ."

"खोटं."

"खरंच गं."

"माझी शपथ घ्या."

शपथ आली नाही. तो म्हणाला, "म्हणून तर मी जिन्यावरून बोलतो. समोर असतो तर पकडलं असतंस."

ती उठली. पायात काही न घालता तिने दार उघडलं आणि फोन कानाला लावून पायऱ्या उतरली. वळणावरचा दिवा जळत होता. भिंतीवर, तो टेकायचा तिथे, रंग गुळगुळीत झालेला होता. पायरी रिकामी होती.

"कुठे आहात?"

"इथेच."

"इथे मी आहे."

फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, अगदी जवळून. मॅनेजरने कठडा धरला. वर घर होतं, उघडं दार होतं, परत जाऊन दार लावून घेता आलं असतं. ती पुढची पायरी उतरली. मग आणखी एक.

कानात बारीक खरखर झाली. पडद्यावरचं घर पुसलं गेलं आणि मनोरा आला.

जवळचा तो श्वास नाहीसा झाला. आता पलीकडे उंचावरचा वारा होता, लोखंडी दार वाऱ्याने आपटत होतं, आणि त्या सगळ्यातून त्याचा आवाज आला, लांबचा, बारीक.

"मॅनेजर, ऐक ना..."

त्या दुपारी याच शब्दांवर तिने त्याला तोडलं होतं.

"बोला," ती म्हणाली. "मी ऐकतेय. बोला."

"छातीत जरा दुखतंय. डाव्या हाताला मुंग्या येतायत." तो थांबला, दम खाल्ला. तुझं काम मोडलं का, असं विचारताना जसा बोलायचा तसा ओशाळून बोलत होता. "काय करू? हत्यारं आवरून घरी येऊ का?"

"नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावर मास्तरणीचं दार उघडलं. "घरी येऊ नका. ऐकताय ना? तिथेच खाली बसा, भिंतीला टेका. एक पायरीसुद्धा उतरायची नाही. फोन ठेवू नका, बोलत राहा, मी येतेय तुमच्याकडे." आणि ती अनवाणी उतरत सुटली, मास्तरणीच्या दारावरून, खालच्या फाटकातून, रस्त्यावर.

"बरं," तो म्हणाला. "बसलो."