शांतीचा चेहरा

पेणला रामवाडीजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात सरू म्हात्रे मूर्तींचे डोळे आखायची. हात सफाईचा होता, पण मूर्ती जायच्या त्या कारखान्याच्या नावानं. काम आटपलं की घरी मागच्या पडवीत ती स्वतःसाठी मातीत माणसांचे चेहरे करत बसे. स्पर्धांना पाठवलेले चेहरे परत आले होते, एक तर फुटूनच. मालक नाथाशेठ म्हणाले, "सरू गो, गणपती विकला जातो. बाईचं डोकं कोण घेणार?" त्यानंतर बरेच दिवस तिनं चेहऱ्यांच्या कामाला हात लावला नाही.

मग तिनं शेवटचा म्हणून एक चेहरा करायला घेतला. आईचा. आई, शांती, मिठागरात कामाला जायची. सरू लहान असतानाच धरमतरच्या खाडीत होडी उलटली आणि ती गेली. प्रेतही मिळालं नाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता, आणि वडील, गुणाजी, तेव्हापासून तिचं नावच काढत नसत. विचारायचं कुणाला? आठवेल तशी सरू माती चढवत गेली, खरवडत गेली. चेहरा पुरा झाला तेव्हा तिला सांगता येईना, ही आई आहे की आपणच रचलेली कुणी बाई.

भाजून तिनं तो रोह्याच्या स्पर्धेला पाठवला. निकालाच्या दिवशी तो परत आणायला गुणाजी सोबत आले. "जड असंल. तुला एकटीला नाय जमायचं," एवढंच म्हणाले. त्यांनी तो पाहिला नव्हता. हॉलच्या दारात ते चपला काढत मागे राहिले आणि सरू आत गेली.

चेहऱ्यापुढे चिठ्ठी लावली होती : 'बाद.'

"का बाद?" तिनं परीक्षकांना विचारलं.

"हे हातानं केलेलं नाही. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर प्लास्टर ओतून साचा काढलाय. भुवईतला वण बघ, खालचा ओठ बघ. असं आठवणीतून होत नसतं. खोटं काम चालत नाही इथं."

खोटं. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली.

तेवढ्यात मागून हाक आली, "शांते!"

गुणाजी दोन्ही हातांनी टेबल धरून उभे होते. नजर त्या मातीच्या चेहऱ्यावर होती.

परीक्षक हसले. "बघा, घरातल्याच बाई आहेत. घेऊन या त्यांना. शेजारी उभं करू, मापं घेऊ."

"कुठनं आणू?" गुणाजी म्हणाले. "खाडीनं नेली तिला. ही पोर शाळेत होती. मढंसुदिक गावलं नाय आमाला."

परीक्षक पुन्हा चेहऱ्याकडे वळले. "मग... फोटो असेल."

"नाय. काय बी नाय."

परीक्षकांनी चिठ्ठी काढली. ओढताना ती फाटली. बक्षिसं जाहीर होऊन गेली होती, ती बदलली नाहीत. त्यांनी सरूचं पूर्ण नाव विचारलं आणि "माझं चुकलं" म्हणाले. तिला ते धड ऐकूही आलं नाही. बाबांनी आईला ओळखलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

परतीच्या एसटीत चेहरा गुणाजींच्या मांडीवर होता, गोणपाटात गुंडाळलेला. नागोठणं मागे पडलं तसं त्यांनी गोणपाट जरा बाजूला सारून तो पाहिला.

"अशी गप कधी बसायची नाय ती," गुणाजी एकदम म्हणाले. "हसायची. लय हसायची. हसतानाची करशील?"

"मला आठवत नाय, बाबा. कशी हसायची?"

गुणाजींनी खिडकीबाहेर पाहिलं, डोळे पुसले, आणि सांगायला लागले.