माझं चिकटवलेलं शेवटचं पान

मित्रांनो, मी वाचनालयातलं एक जुनं पुस्तक आहे. जवळ या, पण आधी हात धुऊन या. वाचकांनी माझी काय दशा केली आहे ते सगळं सांगितलं, तर तुम्हाला जेवण जाणार नाही. अठ्ठाविसाव्या पानावर चिरडलेला डास आहे. चाळिसाव्या पानावर कुणाच्या तरी नाकातलं... शी! जाऊ दे.

छापखान्यातून आलो तेव्हा मी कसा कोरा करकरीत होतो! माझ्यात प्राचीन इजिप्तमधल्या एका तरुण सुताराची गोष्ट आहे. तो राजासाठी पेटी करतो आणि तिचं झाकण बोटभर आखूड कापतो. मुकादम त्याला बजावतो, "सकाळपर्यंत झाकण बसलं नाही, तर हात तोडीन." पुढचं सगळं शेवटच्या पानावर होतं. माझ्यासाठी मुलं भांडायची. ग्रंथपालबाई म्हणायच्या, "हे कपाटात टिकतच नाही." तेच कौतुक माझ्या अंगाशी आलं. थुंकी लावून पानं उलटणाऱ्यांनी माझे कोपरे कुजवले.

गेल्या महिन्यात एका मुलीने मला घरी नेलं. तिच्या आजोबांनी जन्मभर सुतारकाम केलं होतं. आता त्यांना दिसत नाही. रोज संध्याकाळी ती एक प्रकरण वाचायची आणि आजोबा गोष्टीतल्या त्या पोराला झापायचे, "अरे, माप दोनदा घ्यायला काय झालं होतं तुला?" मुकादमाची धमकी ऐकली तेव्हा मात्र त्यांनी स्वतःचाच हात मांडीखाली लपवला.

"वाच गं, पटकन वाच!"

"आजोबा, पुढचं पानच नाहीये."

पान कात्रीने कापलेलं होतं. मुलीने मला घेऊन तडक वाचनालय गाठलं. ग्रंथपालबाईंनी वही चाळली आणि मला आधी नेणाऱ्या बाईंना बोलावलं. तेव्हा कळलं, माझं पान त्यांच्या मुलाच्या शाळेत भिंतीवर होतं. प्रोजेक्टच्या पुठ्ठ्यावर पेटीचं चित्र, आणि खाली 'पहिला क्रमांक'!

"चित्र छान होतं म्हणून घेतलं हो," त्या बाई म्हणाल्या. "मागे नुसतं लिहिलेलं तर होतं!"

नुसतं लिहिलेलं! मित्रांनो, मग पुस्तकात दुसरं असतं तरी काय?

मुलीने तो पुठ्ठा घरी आणला. जुन्या खुर्च्यांचा डिंक आजोबा कोमट फडक्याने सोडवायचे, तसंच त्यांनी पान सोडवायला घेतलं. पण त्या माउलीने वाटीभर डिंक थापला होता. कागदाचा लगदा झाला आणि शेंबडासारखा त्यांच्या बोटांना चिकटला.

"ईऽऽ! आजोबा, टाका ते!"

आजोबांनी टाकलं नाही. अक्षरं हाताला लागतील, अशा आशेने ते लगदा चाचपत राहिले. मग म्हणाले, "लहान पोर आहे गं ते. एवढ्याशा चुकीसाठी हात तोडतात का कुणी?"

मी त्यांना सांगितलं असतं हो. पण जे पान गेलं, ते मलाही आठवत नाही. मित्रांनो, माझी एखादी धडधाकट प्रत तुमच्याकडे असेल, तर तिच्यावर कात्री चालवू नका. ती त्या मुलीकडे पोहोचवा. त्या पोराचा हात राहिला की गेला, एवढं आजोबांना कळू द्या.