उणे एकोणतीस

सिद्धीने गाडीच्या दाराचे हँडल दोन्ही हातांनी ओढले, तेव्हा दार हलले नाही. तिचेच पाय बर्फावरून सरकले. ती गुडघ्यावर आदळली, उठली आणि पुन्हा हँडल धरले. काचेपलीकडे, ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले वासुदेव राव तिच्याकडे बघून मान हलवत होते. ओढून उपयोग नाही.

"आतून उघडून बघा ना, अण्णा!" ती वॉकीटॉकीत ओरडली.

"बघितलं. आतलं हँडल नुसतं लोंबतंय. आतली तार गोठली असणार."

बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या गाड्यांच्या चाचणी केंद्रातली ही खोली म्हणजे गाडी मावेल एवढा फ्रीजर होता. बाहेर शनिवारची सकाळ, सव्वीस अंश. आत उणे तीस. थंड देशांत विकायच्या गाड्या इथे रात्रभर गोठवायच्या, त्यांच्यावर पाणी फवारायचे आणि सकाळी बघायचे, कोणते दार किती जोर लावल्यावर उघडते. ड्रायव्हरचे दार तेवढे उघडून झाले होते. उरलेल्या तिन्ही दारांवर बोटभर बर्फ होता. मग डॅशबोर्डवरची तापमापकाची वायर निसटली, बाहेरच्या पडद्यावरची रेघ तुटली, आणि वासुदेव म्हणाले होते, "दोन मिनिटं. लावून येतो."

आत दोघांनी मिळून जायचे असा नियम होता. पण नेमका तेव्हा सिद्धीच्या मॅनेजरचा, जितेंद्रचा, फोन आला आणि तिने तो उचलला. चार मिनिटे ती टेबलाशी उभी राहून "हो सर, होईल सर" म्हणत राहिली. आत बसल्यावर वासुदेवांनी सवयीने दार ओढून घेतले. मघाशी ते उघडताना बर्फ वितळवायच्या स्प्रेने झालेले पाणी कुलपाच्या खटक्यात उतरले होते. ते तिथेच गोठले.

"ओढायच्या आधी आत ढकल," वासुदेव म्हणाले. "कमरेनं. रबराला धरलेला बर्फ तुटायला पाहिजे."

तिने कंबर लावली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दाराच्या कडेने करकरत पांढरी चीर गेली. तिने हँडल ओढले. दार केसभर हलले आणि खटक्याशी अडकले. तिने कुलपावर स्प्रेचा डबा धरून दाबला. डब्यातून नुसती फुस्स अशी हवा आली. तोही गारठला होता. बॅटरी केव्हाच मान टाकून बसली होती, त्यामुळे काचा खाली होण्याचा प्रश्नच नव्हता.

तिला आता दिसले, की वासुदेवांच्या उजव्या हातात मोजा नव्हता. वायर बसवताना त्यांनी तो काढला असणार. तो हात त्यांनी काखेत धरला होता.

"मोजा घाला, अण्णा."

"पडला सीटखाली. हात जात नाही तिथं. असू दे, स्वल्प थांब, काही होत नाही."

ती धावत बाहेर गेली, यंत्र बंद केले आणि खोलीचा मोठा दरवाजा उघडायचे बटण दाबले. दरवाजा कण्हत सरकला. बाहेरची दमट हवा आत शिरली आणि बघता बघता धुके झाली. गाडीच्या काचांवर भराभर पांढरा थर चढला. सिद्धी आत पोचेपर्यंत वासुदेवांचा चेहरा पुसला गेला होता. तिने हाताने काच खरवडली. पांढऱ्याखाली पांढरेच होते. आतून त्यांचा श्वासही गोठला होता.

"अण्णा, मला तुम्ही दिसत नाही."

"मी इथंच आहे. कुठं जाणार?"

तिने जितेंद्रला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सिद्धी, ऐक," जितेंद्र म्हणाला. त्याच्या मागे हॉर्न वाजत होते. "काच फोडू नकोस. देशात या मॉडेलची ती एकच गाडी आहे, सोमवारी जहाजावर चढायचीय. आतलं टेंपरेचर वाढतंय का ते बघ. मी सिग्नलला आहे. दहा मिनिटं."

"सर, त्यांच्या हातात ग्लोव्ह नाहीये."

"त्यांना विचार. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

हे खरे होते. यशवंतपूरला जन्मलेले वासुदेव गेली एकवीस वर्षे या खोलीत काम करत होते. आठ महिन्यांपूर्वी नागपूरहून आलेल्या सिद्धीला इथे श्वास नाकाने घ्यायचा, धातूला ओला हात लावायचा नाही, हेदेखील त्यांनीच शिकवले होते.

"अण्णा, डॅशबोर्डवर तो दुसरा, छोटा डिजिटल थर्मामीटर आहे ना? किती दाखवतोय?"

थोडा वेळ गेला. "उणे सव्वीस."

"वाढतंय?"

"वाढतंय की. मोठा दरवाजा उघडलास ना. काच नको फोडू. सरी? ठीक?"

तिने दाराला पुन्हा कंबर लावली. मिनिटाभराने विचारले. उणे चोवीस. आणखी एक मिनिट. उणे बावीस. प्रत्येक आकड्याने तिला थोडा धीर येत होता. फक्त उत्तर यायला वेळ लागू लागला होता, आणि 'बावीस'मधला 'स' नीट उमटला नव्हता.

"अण्णा, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. घरी आज जेवायला काय आहे?"

"आज..." मग बराच वेळ नुसती खरखर. "एकवीस झालं बघ."

तिने विचारलेच नव्हते.

दुसरा स्प्रे आणायला ती बाहेर धावली. फोन टेबलावर ठेवून डबा उचलताना तिची नजर पडद्यावर गेली. तुटलेली रेघ परत आली होती. वासुदेवांनी वायर नीट बसवली होती. खोलीच्या हवेची रेघ वर चढत होती, पण त्याखालची गाडीच्या आतली रेघ पाटीवर पट्टीने आखावी तशी सरळ होती. उणे एकोणतीस. गेली अकरा मिनिटे उणे एकोणतीस.

सिद्धीने डबा खाली ठेवला. भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला. टेबलावरच्या फोनमधून जितेंद्र काहीतरी विचारत होता.

तिने मागच्या दाराची काच निवडली, त्यांच्या चेहऱ्यापासून दूर. "अण्णा, मान खाली घाला," ती म्हणाली. उत्तराची वाट पाहिली नाही. पहिल्या घावाने नुसता बर्फ उडाला. दुसऱ्याने काच एकदम, साखर सांडावी तशी कोसळली. चौकटीवर जॅकेट टाकून ती पोटावर आत शिरली, दोन सीटांमधून हात घालून तिने त्यांच्या कोटाची कॉलर धरली. ते जड झाले होते, आणि तिला म्हणत होते, "काच... काच लागेल तुला."

जितेंद्र धावत आला तेव्हा ते दोघे प्रथमोपचाराच्या खोलीत होते. त्याने आधी वासुदेवांच्या खांद्यावर हात ठेवला, डॉक्टर निघालेत म्हणाला, मग काचेच्या दाराआडून गाडीकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने तो एक फॉर्म सिद्धीसमोर ठेवून बाहेर फोनवर बोलायला गेला.

वासुदेवांचा उजवा हात कोमट पाण्याच्या टबात होता. बोटे मेणासारखी पांढरी दिसत होती.

"तुम्ही सव्वीस सांगितलं," सिद्धी म्हणाली. "मग चोवीस, बावीस."

वासुदेवांनी पाण्यातली बोटे मिटायचा प्रयत्न केला.

"आत एकोणतीसच होतं, अण्णा. सगळा वेळ."

"तो थर्मामीटर मी बसलो तेव्हाच बंद पडला होता. थंडीत त्याचे आकडेच जातात." त्यांची जीभ अजून जड होती. "तू विचारत होतीस. काहीतरी सांगायला हवं ना."

"म्हणजे दार उघडणार नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"दुसऱ्या मिनिटाला कळलं."

"आणि तरी काच फोडू नको म्हणत होता?"

बाहेर जितेंद्रचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला.

"त्याचा फोन मला ऐकू येत होता," वासुदेव म्हणाले. "माझी दोन वर्षं राहिली आहेत. तुझी सगळी नोकरी पुढं आहे."

सिद्धीने फॉर्म स्वतःकडे ओढला. काच फोडण्याचा निर्णय कोणाचा, या ओळीपुढे तिने आपले पूर्ण नाव लिहिले. त्याखाली, आत एकच व्यक्ती असण्याचे कारण, तिथे लिहिले : मी फोनवर होते. अक्षर वाकडे आले. तिच्याही बोटांत अजून पुरता जीव नव्हता.

"हे कशाला लिहितेस?" वासुदेव म्हणाले. "मीच एकटा गेलो म्हण की."

तिने पेन खाली ठेवले, टबातल्या पाण्यात बोट बुडवून पाहिले, थर्मासमधले थोडे गरम पाणी कडेने ओतले आणि हाताने हळूच ढवळले. वासुदेवांनी एकदम ओठ आवळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारले.

"दुखतंय?"

"आता दुखायला लागलं."

"दुखू दे," सिद्धी म्हणाली, आणि त्यांचे मनगट पाण्याखाली तसेच धरून ठेवले.